व्हार्मिंट रायफल म्हणजे काय? तिचं काडतूस आणि बॅरल निवडताना वेगापेक्षा 'पीळ' का बघावा लागतो?

पॅरिस ऑलिम्पिक २०२४. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकलं आणि आपल्याकडे अचानक सगळ्यांना रायफलमध्ये रस आला. त्या रायफलीतून जी गोळी सुटते तिचा व्यास साधारण ५.६ मिलीमीटर, वजन २.६ ग्रॅमच्या आसपास आणि वेग सेकंदाला ३३० मीटर, म्हणजे जवळपास आवाजाइतका. या काडतुसाला .२२ एलआर म्हणतात.

आता अमेरिकेत या. तिथे याच ५.६ मिलीमीटर व्यासाची गोळी सेकंदाला ११०० मीटरपेक्षा जास्त वेगानं सोडणाऱ्या रायफली दुकानात मिळतात आणि त्यांचं काम ५० मीटरवर नाही, ३०० मीटरच्या पुढे सुरू होतं. रील्समध्ये तुम्ही त्या पाहिल्या असतील. जाडजूड नळी, पुढे दोन पायांचा स्टँड, वर हातभर लांब दुर्बीण आणि समोर नजर पोहोचेल तिथपर्यंत गवत. हीच व्हार्मिंट रायफल.

तिच्याबद्दल बोलताना लोक फक्त वेगाचे आकडे सांगतात. पण खरी गोम आहे ती नळीच्या आत कोरलेल्या पिळात. तीच आज समजून घेऊ.

व्हार्मिंट म्हणजे कोण?

'व्हर्मिन' म्हणजे उपद्रवी प्राणी. त्याच शब्दाचा अमेरिकन खेड्यातला उच्चार म्हणजे 'व्हार्मिंट'. यात मुख्यतः तीन मंडळी येतात. पश्चिमेकडच्या गवताळ मैदानात बिळं करून वसाहतीत राहणारे प्रेअरी डॉग, जे नावाला डॉग असले तरी खारीचे भाऊबंद आहेत. पूर्वेकडे पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत सोयाबीनच्या शेतात बिळं पाडणारे ग्राउंडहॉग. आणि कोंबड्या, कोकरं पळवणारे कोयोटी, म्हणजे आपल्या कोल्ह्या-लांडग्यांच्या मधलं प्रकरण.

यातला रायफलीची खरी परीक्षा घेणारा प्राणी म्हणजे प्रेअरी डॉग. वजन एक किलोच्या आसपास. मागच्या पायांवर उभा राहिला की शरीराची रुंदी जेमतेम ८-१० सेंटीमीटर. पाण्याची बाटली ३०० मीटरवर ठेवल्यासारखं समजा.

नेमबाजीत अचूकता 'एमओए' या कोनात मोजतात. एक एमओए म्हणजे १०० मीटरवर साधारण २.९ सेंटीमीटर. म्हणजे एखादी रायफल एका एमओएत गोळ्या टाकत असेल, तर ३०० मीटरवर त्या गोळ्या पावणेनऊ सेंटीमीटरच्या वर्तुळात पडणार. हरणाच्या शिकारीला ही अचूकता भरपूर झाली. इथे मात्र ती काठावर पास आहे, कारण यात वारा आणि माणसाचा हात अजून धरलेलाच नाही. त्यात नेम चुकला आणि जनावर जखमी होऊन बिळात गेलं, तर ते तिथे तडफडून मरतं. म्हणून काडतूस आणि बॅरल निवडणं ही नुसती हौशीची गोष्ट राहत नाही.

नावातले आकडे फसवे आहेत

.२२३ रेमिंग्टन, .२२-२५०, .२२० स्विफ्ट. वाचून वाटतं तीन वेगळ्या जाडीच्या गोळ्या असतील. तिन्हींत गोळी एकच, ०.२२४ इंच व्यासाची. फरक आहे तो मागच्या पितळी केसमध्ये, म्हणजे बातम्यांमध्ये जिला आपण पुंगळी म्हणतो तिच्यात किती दारू मावते याचा. .२२३ मध्ये साधारण २६ ग्रेन, .२२-२५० मध्ये ३६ च्या पुढे, स्विफ्टमध्ये त्याहून थोडी जास्त. ग्रेन हे जुनं वजनाचं माप आहे, एक ग्रॅम म्हणजे साडेपंधरा ग्रेन.

.२२३ हे नाव ऐकल्यासारखं वाटत असेल तर बरोबर आहे. आपल्या लष्कराच्या इन्सास रायफलीतलं ५.५६ मिलीमीटरचं काडतूस याचंच सख्खं भावंड. दोघं इतके सारखे दिसतात की गल्लत होते, पण लष्करी काडतूस .२२३ साठी बनवलेल्या चेंबरमध्ये झाडायचं नसतं. चेंबरची मापं वेगळी असल्यामुळे दाब धोकादायक वाढू शकतो.

वेगाचं वेड कुठून आलं?

१९३५ साली विंचेस्टर कंपनीनं .२२० स्विफ्ट बाजारात आणलं. ४८ ग्रेनची गोळी, वेग सेकंदाला ४११० फूट, म्हणजे १२५० मीटर. कारखान्यात बनलेल्या काडतुसानं सेकंदाला चार हजार फुटांचा टप्पा ओलांडण्याची ती पहिली वेळ. त्या काळात हातात धरून अंतर मोजायचं लेझर यंत्र नव्हतं. समोरचं जनावर २०० यार्डांवर आहे की २७०, हा अंदाज डोळ्यांनीच करायचा. गोळी जितकी वेगवान तितकी ती कमी वेळ हवेत राहणार, तितकी कमी खाली येणार आणि अंदाजातली चूक तितकी माफ होणार. वेग म्हणजे चुकीचा विमा होता.

.२२-२५० ची गोष्ट जरा वेगळी. १९१५ च्या .२५०-३००० सॅव्हेज या काडतुसाची मान आवळून हौशी लोकांनी ते घरच्या घरी तयार केलं होतं. अशा बेवारस काडतुसांना अमेरिकेत 'वाइल्डकॅट' म्हणतात. अनेक वर्षं ते असंच गावठी पद्धतीनं चाललं आणि १९६५ मध्ये रेमिंग्टननं त्याला अधिकृत करून घेतलं. ५५ ग्रेनची गोळी ते सेकंदाला ११२० मीटरनं सोडतं. २००४ मध्ये रूगर आणि हॉर्नाडी या कंपन्यांनी .२०४ रूगर आणलं, त्याची ३२ ग्रेनची गोळी सेकंदाला ४२२५ फुटांवर गेली.

पण आज लेझर रेंजफाइंडर आहे. अंतर एका बटणावर कळतं आणि दुर्बिणीवरची चकती फिरवून गोळी किती खाली येणार हे आधीच वजा करता येतं. वेगाचा सगळ्यात मोठा फायदा होता, तो यंत्रानं खाल्ला. राहिला वारा. वाऱ्याला बटण नाही.

वाऱ्याचं गणित

इथे थोडी आकडेमोड करू, कारण निकाल मजेशीर आहे. बाजूनं ताशी १६ किलोमीटरचा वारा आहे आणि लक्ष्य ३०० यार्डांवर, म्हणजे २७४ मीटरवर आहे असं धरा.

.२२३ मधून ५५ ग्रेनची गोळी सेकंदाला ९९० मीटरनं सोडली, तर वारा तिला साधारण २७ सेंटीमीटर बाजूला ढकलतो. म्हणजे प्रेअरी डॉगच्या रुंदीच्या तिप्पट. तशीच गोळी .२२-२५० मधून ११२० मीटरनं सोडली, तर ती सुमारे २३ सेंटीमीटर सरकते. दहा ग्रेन जास्त दारू जाळून वाचले किती? चार सेंटीमीटर.

आता उलटा प्रयोग. छोट्या .२२३ मध्येच ७५ ग्रेनची लांब, निमुळती गोळी घाला. वेग उतरून ८५० मीटरवर येतो. ऐकायला हे पराभवासारखं वाटतं. पण तीच गोळी वाऱ्यात फक्त २० सेंटीमीटर सरकते. सगळ्यात हळू निघालेली गोळी वाऱ्याला सगळ्यात कमी बधते.

कारण वाऱ्याचा परिणाम गोळी किती वेगानं निघाली यावर नाही, हवेनं तिचा वेग किती खाल्ला यावर ठरतो. निर्वात पोकळीत गोळीला जितका वेळ लागला असता त्यापेक्षा प्रत्यक्षात जितका जास्त लागला, तेवढ्या उशिराच्या हिशेबात ती सरकते. लांब आणि निमुळती गोळी हवा सहज कापते, तिचा 'बॅलिस्टिक कोएफिशंट' जास्त असतो, उशीर कमी होतो.

मग सगळे लांब गोळीच का वापरत नाहीत? कारण ती प्रत्येक बॅरलमधून सरळ जातच नाही.

पीळ: एका कंपनीला महाग पडलेले दोन इंच

रायफलीच्या नळीत आतून सर्पिल खाचा कोरलेल्या असतात. त्यातून जाताना गोळीला भोवऱ्यासारखी गिरकी मिळते आणि ती टोक पुढे ठेवून उडते. किती इंचात एक पूर्ण फेरी होते, त्याला पीळ म्हणायचं. '१२ चा पीळ' म्हणजे १२ इंचात एक फेरी. '८ चा पीळ' म्हणजे ८ इंचातच एक फेरी, म्हणजे जास्त घट्ट. इथे आकडा जितका लहान तितका पीळ कडक, हे एकदा डोक्यात बसवून घ्या, कारण सगळ्यांचा गोंधळ इथेच होतो.

१८७९ मध्ये इंग्लंडमधल्या वुलिचला लष्करी अधिकाऱ्यांना गणित शिकवणाऱ्या आल्फ्रेड ग्रीनहिल यांनी यासाठी सोपं सूत्र मांडलं. त्यातून निघणारी गोष्ट अशी की व्यास तोच ठेवून गोळी जितकी लांब कराल, तितका कडक पीळ लागतो. गोळीचं वजन हे निमित्त आहे, खरा मुद्दा लांबीचा. पीळ अपुरा पडला की गोळी डगमगते, हवेत आडवी होते आणि कागदावर गोल भोकाऐवजी किल्लीच्या भोकासारखी खूण उमटवते.

हे प्रकरण किती महागात पडू शकतं याचं उदाहरण १९५५ सालचं. त्या वर्षी विंचेस्टरनं .२४३ विंचेस्टर आणलं आणि रेमिंग्टननं .२४४ रेमिंग्टन. दोन्हींत सहा मिलीमीटरची तीच गोळी, आणि रेमिंग्टनच्या केसमध्ये उलट थोडी जास्त जागा. कागदावर रेमिंग्टन वरचढ. पण रेमिंग्टननं विचार केला की लोक हे व्हार्मिंटसाठी घेणार, त्यांना ७५ आणि ९० ग्रेनच्या गोळ्या पुरेत. म्हणून पीळ ठेवला १२ चा. विंचेस्टरनं ठेवला १० चा आणि सोबत १०० ग्रेनची गोळी दिली.

गिऱ्हाइकाचा हिशेब साधा होता. एकाच रायफलीत उन्हाळ्यात ग्राउंडहॉग आणि हिवाळ्यात हरीण होत असेल, तर मी दोन का घेऊ? हरणासाठी त्याला १०० ग्रेन हवी होती आणि १२ च्या पिळात ती नीट स्थिर होईल याचा भरवसा नव्हता. .२४३ धडाधड विकलं गेलं. रेमिंग्टननं नंतर पीळ ९ चा केला, १९६३ मध्ये काडतुसाचं नाव बदलून ६ एमएम रेमिंग्टन केलं, पण तोवर बाजार गेला होता. .२४३ आजही अमेरिकेतल्या कुठल्याही गावच्या दुकानात मिळतं. .२४४ चं नाव आता जुन्या शौकिनांनाच माहीत.

लष्करालाही हा धडा मिळालाय. सुरुवातीच्या एम-१६ रायफलींचा पीळ १४ चा होता. कडाक्याच्या थंडीत हवा दाट होते, तिथे गोळ्या डगमगू लागल्या आणि पीळ १२ वर आणावा लागला.

मग कडक पीळच घ्यावा, प्रश्न मिटला? जवळपास, पण पूर्ण नाही. .२२३ च्या गोळीचा वेग सेकंदाला ३२४० फूट आणि पीळ १२ इंचांचा, म्हणजे फुटाला एक फेरी. म्हणजे सेकंदाला ३२४० फेऱ्या, मिनिटाला १ लाख ९४ हजार. पीळ ७ चा केला की तोच आकडा ३ लाख ३३ हजारांवर जातो. व्हार्मिंटच्या हलक्या गोळ्यांचं वरचं तांब्याचं आवरण मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं, म्हणजे आपटताच गोळीचे तुकडे व्हावेत आणि ती उसळून दुसरीकडे जाऊ नये. इतक्या गिरकीत काही गोळ्यांचं आवरण हवेतच फाटतं आणि गोळी लक्ष्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून .२२३ साठी ८ किंवा ९ चा पीळ हा व्यवहारी मध्य. ९ मध्ये साधारण ७० ग्रेनपर्यंत चालतं, ८ मध्ये ७५-८० पर्यंत. जुन्या .२२-२५० रायफलींना मात्र १४ चा पीळ असतो आणि त्या ५५ ग्रेनच्या आसपास थांबतात. दारू भरपूर, पण लांब गोळी घालता येत नाही. सेकंडहँड घेणारे हमखास इथे फसतात.

शिसं गेलं, गोळी लांबली

पिळाचा प्रश्न आता कायद्यामुळेही तापलाय. शिशाची गोळी लागलेलं जनावर माळावर पडून राहिलं की गिधाडं, गरुड ते खातात आणि शिशाचे कण त्यांच्या पोटात जातात. कॅलिफोर्नियात काँडोर या दुर्मीळ गिधाडाला याचा मोठा फटका बसला. तिथे २०१३ मध्ये कायदा झाला आणि १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आली. शेतातल्या उपद्रवी खारींसाठीसुद्धा.

पर्याय म्हणजे तांबं. पण शिशाची घनता ११.३, तांब्याची जेमतेम ९. म्हणजे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी जास्त लांब होणार आणि लांब झाली की कडक पीळ मागणार. शिशाच्या ५५ ग्रेनवर सुखानं चालणारी १४ च्या पिळाची रायफल तांब्याच्या ५५ ग्रेनवर रुसू शकते. आज तिथे नवीन बॅरल घेणाऱ्यानं कडक पिळाकडे झुकावं, याचं हे माझ्या मते सगळ्यात भक्कम कारण आहे.

जाड नळी कशासाठी?

प्रेअरी डॉगच्या मोठ्या वसाहतीत दिवसाला शेकडो गोळ्या झाडल्या जातात. हरणाच्या शिकाऱ्याची वर्षभराची गोळाबेरीज इथे सकाळच्या चहाआधी संपते. त्यामुळे नळी तापते. पातळ नळी तापली की किंचित वाकते, गोळ्या भरकटतात. शिवाय गरम हवेच्या लहरींमुळे दुर्बिणीतलं चित्र नाचायला लागतं.

जाडीचा फायदा वाटतो त्यापेक्षा बराच जास्त आहे. दांड्याचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. साध्या शिकारी रायफलीची नळी तोंडाशी १४ मिलीमीटर आणि व्हार्मिंटची २१ असेल, तर जाडी दीडपट, पण ताठपणा पाचपट. लांबी वाढली की मात्र ताठपणा झपाट्यानं घटतो. म्हणून २४ ते २६ इंच ही नेहमीची लांबी. त्यापुढचा प्रत्येक इंच थोडाच वेग देतो आणि वजन मात्र पुरतं घेतो. काही नळ्यांवर बाहेरून उभ्या खाचा असतात. त्यानं वजन कमी होतं आणि थंड व्हायला पृष्ठभाग वाढतो, पण त्याच जाडीच्या अखंड नळीपेक्षा ती ताठ होत नाही. दुकानदार उलट सांगेल.

पोलाद दोन प्रकारचं. क्रोमोली आणि ४१६ स्टेनलेस. अचूक नेमबाजीत स्टेनलेसचा वापर जास्त दिसतो, गंजायचं भय कमी. नळी लाकडी किंवा फायबरच्या दस्त्याला कुठेही टेकलेली नसावी, हे मात्र दोन्हींत सारखंच.

आणि झीज. दारूचा जळता वायू क्षणभर पोलादाच्या वितळणबिंदूपेक्षाही गरम असतो. चेंबरच्या लगेच पुढे, जिथे खाचा सुरू होतात, तिथली जागा प्रत्येक बाराला थोडी जळते. २६ ग्रेन आणि ३६ ग्रेन दारू एकाच ५.६ मिलीमीटरच्या भोकातून जाणार, तर दुसऱ्यात झीज जास्त हे उघड आहे. नेमबाजांचा ढोबळ अनुभव असा की .२२३ ची नळी तीन ते पाच हजार गोळ्या चांगली अचूकता देते. .२२-२५० आणि .२४३ दोन हजारांच्या आसपास कुरकुरायला लागतात. गरम नळीतून धडाधड बार काढले तर त्याआधीच. स्विफ्टला 'नळीखाऊ' ही बदनामी अशीच चिकटली. दिवसाला दोनशे गोळ्यांच्या हिशेबानं .२२-२५० ची नळी दहा दिवसांत म्हातारी होते. म्हणून जाणती मंडळी दोन रायफली नेतात आणि आलटून पालटून वापरतात.

मग निवड काय?

प्रेअरी डॉग आणि भरपूर गोळ्या असतील तर .२२३, ८ चा पीळ, जाड स्टेनलेस नळी, २४ इंच. स्वस्त, सहज मिळणारं, आणि धक्का इतका कमी की आपली गोळी कुठे पडली हे दुर्बिणीतून स्वतःलाच दिसतं. पुढचा नेम दुरुस्त करायला याहून मोठी मदत नाही. दिवसातून दोन-चारच बार काढायचे आहेत आणि समोर १२-१५ किलोचा कोयोटी आहे, तर .२२-२५०, पण नव्या, कडक पिळाची. वारा सतत वाहतो आणि अंतर ४०० च्या पुढे आहे, तर सहा मिलीमीटरकडे जावं, .२४३ किंवा नवीन ६ एमएम क्रीडमूर. मग धक्का आणि झीज सोसायची तयारी हवी. .२०४ रूगर ३०० यार्डांपर्यंत गोड आहे, जोराच्या वाऱ्यात मात्र त्याच्या हलक्या गोळ्या लवकर हार मानतात. ही माझी क्रमवारी. अमेरिकन शौकीन यावर तासन्‌तास भांडतात.

कुठे चालतं, कुठे नाही

प्रेअरी डॉग गुरांचं गवत खातात म्हणून पशुपालक त्यांच्यावर चिडून असतात. पण काळ्या पायांचा फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा प्राणी जगतोच प्रेअरी डॉगवर, त्याचं जवळपास ९० टक्के अन्न तेच. तो नामशेष झाला असं समजलं जात असताना १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मीटीत्सीजवळ एका कुत्र्यानं मेलेला फेरेट घरी आणला आणि शोध पुन्हा सुरू झाला. आता साउथ डकोटातल्या कोनाटा बेसिनसारख्या फेरेटच्या भागात प्रेअरी डॉगवर गोळी झाडायला मनाई आहे. राज्याप्रमाणे परवाने, हंगाम आणि गोळ्यांचे नियम बदलतात. टेक्सासला राहणाऱ्या तुमच्या भावाला जे चालतं ते कॅलिफोर्नियातल्या मैत्रिणीला चालेलच असं नाही.

भारतात हा छंद म्हणून अस्तित्वातच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे. त्याच कायद्याच्या कलम ६२ नुसार केंद्र सरकार एखाद्या भागात, ठरावीक मुदतीसाठी एखाद्या प्राण्याला उपद्रवी जाहीर करू शकतं. बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुकराबाबत तसं झालंही. विदर्भ, मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांना रानडुकरांचा आणि रोह्यांचा त्रास नवा नाही, पण त्यासाठी वन विभागाची परवानगी लागते आणि शस्त्राचा परवाना १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली वेगळा काढावा लागतो. त्या कायद्यात २०१९ ला दुरुस्ती झाली आणि एका व्यक्तीकडच्या परवानाधारक बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली.